ताबा आणि मालकी: घरोघरचे गैरसमज, कायद्यातली वस्तुस्थिती

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे देशभरातल्या जैन समाजाला ठाऊक आहे. कायद्याच्या अभ्यासकांना ते आणखी एका कारणासाठी माहीत आहे. इथल्या मंदिराचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९०५ साली श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या आणि तसे वेळापत्रक ठरवले. पुढे मूर्तीच्या लेपावरून बिनसले. १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. त्याचा निकाल १९१८ मध्ये लागला. अपिलावर नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाने १९२३ मध्ये निर्णय दिला आणि प्रिव्ही कौन्सिलने १९२९ मध्ये तो कायम केला. मंदिराच्या व्यवस्थापनाचा हक्क श्वेतांबरांकडे आणि १९०५ च्या वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क दिगंबरांकडे, हा त्या निकालाचा गाभा.

वाद तेवढ्यावर मिटला नाही. १९८१ पासून मूर्तीचे दालन बंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या आदेशानंतर ते मार्च २०२३ मध्ये, सुमारे बेचाळीस वर्षांनी उघडले. कोणाची बाजू खरी, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मात्र या खटल्यातून प्रत्येक गावाने, प्रत्येक कुटुंबाने घ्यावी अशी एक गोष्ट आहे. ‘हे कोणाचे?’ असा एकच प्रश्न आपण विचारतो. न्यायालय त्याचे अनेक प्रश्न करते. मालक कोण? ताबा कोणाकडे? कारभार कोणी पाहायचा? वापर कोणी, केव्हा आणि किती करायचा?

यातले पहिले दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत जास्त घोळ त्यांच्यातच होतो. इंग्रजी कायद्याने आपल्याला ओनरशिप आणि पझेशन हे दोन शब्द दिले. कचेरीच्या मराठीत त्यांना मालकी आणि ताबा म्हणतात. आपल्या वऱ्हाडात ताब्यासाठी कब्जा आणि वहिवाट हे शब्द जास्त चालतात. मालकी आणि ताबा या शब्दांचा अर्थ बराचसा एकमेकांत मिसळलेला आहे, कारण बहुतेक वेळा मालक आणि ताबेदार एकच असतो. माणूस ‘माझे वावर’ म्हणतो, तेव्हा त्या ‘माझे’मध्ये दोन्ही येते. भांडण उभे राहते ते या दोन गोष्टी दोन माणसांकडे असतात तेव्हा. धुऱ्यावरून, वाटणीवरून, गावठाणातल्या घरावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी कुटुंबे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यातले कितीतरी वाद हा फरक वेळीच कळला असता तर उभेच राहिले नसते. म्हणून एकेक गैरसमज समोर ठेवून वस्तुस्थिती पाहू.

गैरसमज १: ज्याचा ताबा, तोच मालक.

वस्तुस्थिती: ताबा म्हणजे वस्तूवरचे प्रत्यक्ष नियंत्रण. मालकी म्हणजे त्या वस्तूवरच्या हक्कांचा पूर्ण संच. त्यात वापरणे, उत्पन्न घेणे, गहाण ठेवणे, विकणे, बक्षीस देणे, मृत्युपत्राने देणे हे सारे येते. बटईने किंवा ठोक्याने वावर करणारा शेतकरी पेरतो, राखतो, काढतो. शेत त्याच्या ताब्यात असते, पण ते विकण्याचा हक्क त्याला नसतो. उलट पुण्यात राहणारा मालक वर्षानुवर्षे शेतात पाऊलही टाकत नाही, तरी खरेदीखत त्याच्याच सहीने होते.

हा गैरसमज एवढा पक्का का, याला कारण आहे. कायदाही सुरुवात ताब्यापासूनच करतो. एखादी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा मालक नाही असे कोणी म्हटले, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर असते, असे आपला पुराव्याचा कायदा सांगतो. ताबा हा मालकीचा पुरावा असू शकतो, तो यामुळे. पण पुरावा म्हणजे निकाल नव्हे. समोरच्याने पक्का दस्त दाखवला की हे गृहीतक गळून पडते.

गैरसमज २: हा फरक वकिलांनी काढलेला आहे, व्यवहारात त्याला अर्थ नाही.

वस्तुस्थिती: आपला सगळा वऱ्हाड जवळजवळ शतकभर याच फरकावर चालला. १८५३ च्या तहाने हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०२ मध्ये तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. कारभार इंग्रजांचा, महसूल गोळा करणारे अधिकारी इंग्रजांचे, न्यायालये त्यांची. सार्वभौमत्व मात्र निजामाचे. १९३६ च्या करारातही ते मान्य केले गेले आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. अकोला, वाशीम, बुलढाणा, अमरावती, यवतमाळच्या लाखो माणसांचे रोजचे जीवन ज्या व्यवस्थेखाली गेले, तिच्या मुळाशी ‘मुलूख एकाचा, कारभार दुसऱ्याचा’ हेच तत्त्व होते. त्याला कागदी भेद म्हणता येणार नाही.

गैरसमज ३: सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे मालकी सिद्ध झाली.

वस्तुस्थिती: सातबारा हा दोन गाव नमुन्यांचा जोड आहे. नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक, नमुना बारा ही पिकांची नोंदवही. सातमध्ये हक्कांची नोंद असते, बारामध्ये त्या हंगामात काय पेरले याची. सातबारा नीट वाचला तर त्यावर ‘मालक’ ऐवजी ‘भोगवटादार’ हा शब्द दिसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये भोगवटादाराची व्याख्याच जमिनीच्या प्रत्यक्ष ताब्याला धरून केलेली आहे. विदर्भातल्या जुन्या उताऱ्यांवर ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ हे शब्द सापडतात. ते १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेतले. पुढे भूमिस्वामी हा भोगवटादार वर्ग एक झाला आणि भूमिधारी वर्ग दोन. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानावी, असे संहितेचे कलम १५७ सांगते. म्हणजे नोंदीला वजन आहे, पण ते ‘विरुद्ध पुरावा येईपर्यंत’च. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सवर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यापासून वारंवार सांगितले आहे. फेरफार मुख्यतः सरकारने महसूल कोणाकडून घ्यायचा यासाठी असतो. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी, वारसा, मृत्युपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांतून. सातबारा त्या घटनेची नोंद करतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नोंद मालकी देत नाही म्हणून ती करून घेण्याचा आळस करू नये. वडील जाऊन वीस वर्षे झाली तरी वारसफेर नाही, आणि मग पीककर्ज अडते, नुकसानभरपाई अडते, अशी घरे प्रत्येक गावात आहेत.

गैरसमज ४: जमीन बारा वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात राहिली की त्याच्या मालकीची होते.

वस्तुस्थिती: हा सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाने एके काळी ताब्याचे रूपांतर खरोखरच मालकीत झाले. विदर्भासाठी १९५८ साली स्वतंत्र कूळवहिवाट कायदा झाला आणि त्यानुसार १ एप्रिल १९६१ पासून पात्र कुळांकडे जमिनींची मालकी गेली. पश्चिम महाराष्ट्रात हाच बदल १९४८ च्या कायद्याने, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून झाला होता. त्या आठवणीने आजही लोक बटईचा कागद करायला घाबरतात, दर दोन वर्षांनी बटईदार बदलतात किंवा जमीन पडीक ठेवतात.

बारा वर्षांचा आकडा मात्र वेगळ्या कायद्यातला आहे. मुदतीचा कायदा, १९६३ सांगतो की मालकी हक्काच्या आधारे ताबा परत मागण्याचा दावा, ताबा मालकाविरुद्ध प्रतिकूल झाल्यापासून बारा वर्षांच्या आत केला पाहिजे. सरकारी जमिनीसाठी ही मुदत ३० वर्षे आहे. मुदत उलटली तर मालकाचा हक्कच संपतो. २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले की, प्रतिकूल ताबा सिद्ध करणारा माणूस त्या आधारावर स्वतः दावाही करू शकतो.

पण सगळे वजन ‘प्रतिकूल’ या शब्दावर आहे. ताबा उघड असला पाहिजे, अखंड असला पाहिजे आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारणारा असला पाहिजे. मालकाच्या परवानगीने बसलेल्या माणसाचा ताबा प्रतिकूल ठरत नाही. बटईदार, भाडेकरू, राखणदार, मामाने आसरा दिलेला भाचा, हे सारे परवानगीने बसलेले. बारा काय, तीस वर्षे झाली तरी केवळ काळ लोटला म्हणून ते मालक होत नाहीत. शिवाय प्रतिकूल ताब्याचा दावा करणाऱ्याने कोणत्या तारखेपासून, कोणाविरुद्ध, कसा ताबा होता हे सर्व सिद्ध करावे लागते.

हेच ई-वर्ग, म्हणजे गुरचरणाच्या, जमिनीबद्दल. तिच्यावर अतिक्रमण करून बारा वर्षे पेरणी केली म्हणजे ती आपली झाली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चुकीचे आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात जानेवारी २०११ मध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले आहेत. सरकार एखाद्या धोरणाखाली काही अतिक्रमणे नियमित करू शकते. तो सरकारचा निर्णय असतो. नुसत्या ताब्याने तो हक्क मिळत नाही.

गैरसमज ५: मालकी माझी आहे, म्हणजे मी जाऊन ताबा घेऊ शकतो.

वस्तुस्थिती: हा गैरसमज माणसांना तुरुंगापर्यंत नेतो. रातोरात काटेरी कुंपण घालणे, उभ्या पिकात ट्रॅक्टर घालणे, घराचे कुलूप तोडणे, हे मालकालाही करता येत नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ज्याला त्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याचा मार्ग सोडून ताब्यातून काढले, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मिळवता येतो. त्या दाव्यात मालक कोण हे बघितलेच जात नाही. ताबा कोणाकडे होता आणि तो कसा गेला, एवढेच बघतात. हे कलम सरकारविरुद्ध मात्र वापरता येत नाही.

शांततेचा भंग होण्याची भीती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकारी, जमिनीच्या ताब्याबाबत चौकशी करतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४५ हे त्यासाठी प्रसिद्ध होते, आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तिथेही प्रश्न असतो तो प्रत्यक्ष ताब्याचा. त्या आदेशाने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयातच ठरते. म्हणून ‘तहसीलदाराने निकाल माझ्या बाजूने दिला, आता जमीन माझी’ हे म्हणणे अर्धवट आहे, आणि ‘खरेदीखत माझे आहे, मी आजच नांगर घालतो’ हे म्हणणे धोक्याचे आहे. कायद्याने ताब्याला स्वतंत्र संरक्षण दिले ते गावात बळजबरी चालू नये म्हणून. हे संरक्षण नसते तर ज्याच्याकडे माणसे जास्त, त्याचेच वावर झाले असते.

गैरसमज ६: इसारपत्र झाले, पैसे दिले, ताबा घेतला, आता मालकी आलीच.

वस्तुस्थिती: मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ मध्ये हे स्पष्ट आहे. विक्रीचा करार म्हणजे विक्री नव्हे. त्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. स्टँपपेपरवरची नोटरी, साक्षीदारांच्या सह्या आणि हातात दिलेला ताबा यांनी विक्री पूर्ण होत नाही. सूरज लँप खटल्यात ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, साठेकरार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेली ‘विक्री’ मालकी देत नाही.

इसार देऊन ताबा घेतलेल्याला त्याच कायद्याच्या कलम ५३-अ खाली काही संरक्षण मिळते. पण २००१ च्या दुरुस्तीपासून त्यासाठी करार नोंदणीकृत असावा लागतो, आणि ते संरक्षणही ताबा टिकवण्यापुरते असते. विकणारा खरेदीखत करून देत नसेल तर करारपूर्तीचा दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे. ती करारात ठरलेल्या तारखेपासून धरतात. तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. ‘ताबा तर आपल्याकडेच आहे’ या भरवशावर ही तीन वर्षे घालवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे नुकसान फार मोठे असते.

गैरसमज ७: बहीण सासरी गेली, जमीन भावाच्या ताब्यात, तिचा हिस्सा संपला.

वस्तुस्थिती: ही केवळ कायद्याची चूक नाही, हा अन्याय आहे, आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच, जन्माने हक्क दिला. हिंदू वारसा कायदा जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाही, हे विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या झालेल्या वाटण्यांना आणि विक्रींना मात्र धक्का लागत नाही.

ताब्याचा नियमही बहिणीच्या बाजूने आहे. सहहिस्सेदारांपैकी एकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. भाऊ वीस वर्षे शेत वाहतो, यावरून त्याने बहिणीचा हक्क नाकारला असा अर्थ निघत नाही. त्याने तिचा हिस्सा उघडपणे नाकारून तिला बाहेर काढले होते, हे सिद्ध झाल्याशिवाय प्रतिकूल ताब्याची मुदत सुरूच होत नाही. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिने तो समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. राखीपौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीकडून घाईघाईने सह्या घेणे बंद झाले पाहिजे.

गैरसमज ८: नॉमिनी म्हणून नाव आहे, म्हणजे पैसा आणि घर त्याचेच.

वस्तुस्थिती: नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी रक्कम स्वीकारणारा असतो. ताबा त्याच्याकडे येतो, मालकी वारसांची राहते. विम्याबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच, सरबती देवी खटल्यात सांगितले होते. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तेच म्हटले. तो खटला ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मिळकतीसंबंधी होता. गृहनिर्माण संस्था मृत सभासदाचे भाग नॉमिनीच्या नावे करते, तेव्हाही वारसांचे हक्क संपत नाहीत.

विम्यात एक महत्त्वाचा अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे विमेदाराने स्वतःच्या आयुष्याच्या पॉलिसीवर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांना नॉमिनी नेमले असेल, तर रकमेवर लाभाचा हक्कही त्यांचाच धरला जातो. म्हणून नॉमिनीचे नाव भरताना आणि मृत्युपत्र करताना दोन्हींचा मेळ घालावा. घरातला कर्ता गेल्यावर विधवा बाईला आणि लेकरांना कचेऱ्यांमध्ये फिरावे लागू नये, यासाठी एवढे करणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

गैरसमज ९: फ्लॅटचे पझेशन मिळाले किंवा ग्रामपंचायतीची करपावती आहे, म्हणजे मालकी पूर्ण.

वस्तुस्थिती: शहरात ‘पझेशन मिळाले’ की पेढे वाटतात. ते योग्यच आहे, पण काम तिथे संपत नाही. इमारत आणि तिच्या खालची जमीन सोसायटीच्या नावे करून देणारे अभिहस्तांतरण झाले का, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्राच्या १९६३ च्या ओनरशिप फ्लॅट कायद्याने ही जबाबदारी बिल्डरवर टाकली. ती पाळली जात नाही हे दिसल्यावर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. बिल्डर सही करत नसला तरी सोसायटीला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तीस-चाळीस वर्षे राहून झालेल्या इमारतींची जमीन आजही मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावे असते, आणि पुनर्विकासाची वेळ आली की हे उघडे पडते.

गावठाणात हीच गोष्ट नमुना आठच्या रूपाने दिसते. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टीची पावती, वीजबिल, नळपट्टी यांवरून ताबा दिसतो. मालकीचा तो अंतिम पुरावा नाही. गावठाणातल्या घरांना मालकीची नोंद मिळावी म्हणूनच २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका तयार होते. आपल्या गावात ती मोजणी झाली असेल तर पत्रिकेवरचे नाव, क्षेत्र आणि हद्द तपासून घ्यावी. चूक असेल तर मुदतीत हरकत घ्यावी.

गैरसमज १०: देवस्थानाचा कारभार ज्याच्याकडे, देवस्थान त्याच्या मालकीचे.

वस्तुस्थिती: कारभार, ताबा आणि मालकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदू कायद्यात प्रतिष्ठापित देवता ही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे आणि देवस्थानची जमीन तिच्या नावे असू शकते. पुजारी हा त्या जमिनीचा मालक नाही, कूळही नाही. तो देवतेच्या वतीने व्यवस्था पाहणारा आहे, आणि महसुली अभिलेखात भोगवटादार म्हणून देवतेचेच नाव असले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये म्हटले. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा सार्वजनिक देवस्थानांना लागू आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही. व्यवस्थापन ही जबाबदारी आहे, आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. शिरपूरच्या १९२९ च्या निकालातही व्यवस्थापनाचा हक्क एका बाजूला आणि पूजेचा हक्क दुसऱ्या बाजूला असे दोन्ही एकाच वेळी मान्य झाले होते. एकाला व्यवस्थापन दिले म्हणून दुसऱ्याची पूजा थांबत नाही, हे त्या निकालातून प्रत्येक गावच्या विश्वस्त मंडळाने ध्यानात घ्यावे.

मग करायचे काय?

ताबा आणि मालकी एकाच हाती असणे, हीच सर्वांत सुरक्षित स्थिती. तशी ती नसेल तर जाणून घेऊन दुरुस्त करावी. दोन शेतकऱ्यांच्या जमिनींची अदलाबदल आजोबांच्या काळात तोंडी झाली, एकाचा गट दुसऱ्याच्या वहिवाटीत, आणि सातबारे मात्र जुन्याच नावांनी, हे चित्र सगळीकडे आहे. यासाठी महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. किमान बारा वर्षे असा उलटसुलट ताबा असेल, तर पंचनामा करून, अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी लावून नावे सरळ करून घेता येतात. योजनेची सध्याची मुदत दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावी.

बाकीचे सारे घरच्या घरी करण्यासारखे आहे. बटई असो की ठोका, साधा का होईना पण लेखी कागद करा, त्यात मुदत लिहा आणि दोघांनी एकेक प्रत ठेवा. वारसफेर वेळेत करा. खरेदी करताना सातबाऱ्यासोबत जुने फेरफार आणि मूळ दस्त वाचा, आणि शेतात जाऊन प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे डोळ्यांनी पाहा, कारण कागदावर न दिसणारा बटईदार, भाऊबंद किंवा इसारदार तिथेच भेटतो. कोणी ताबा हिसकावला तर सहा महिने उलटू देऊ नका. वाद उभा राहिलाच तर भांडायच्या आधी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतली कुटुंबे यांना तिथे वकील विनामूल्य मिळतो.

आणि पुढच्या वेळी गावात ‘हे कोणाचे?’ असा वाद निघाला, तर आधी विचारा: मालकी कोणाची, आणि ताबा कोणाचा? उत्तरे दोन आली, तर आवाज चढवण्याआधी दोघांनी आपापले कागद समोर ठेवून बसा.